‘बापावर गेलास’

माझ्या एका मित्राच्या घरात त्याच्या वडिलांना नाव नव्हतं. जुन्या वळणाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, ‘हे’ म्हणतात. त्याची आईही नाव घेत नसे, फक्त ‘हे’चा ‘तो’ झाला होता. मुलाशी बोलताना ‘तुझा बाप’. मित्र दोन वर्षांचा असताना वडील घर सोडून गेले आणि शेजारच्या तालुक्यात दुसऱ्या बाईबरोबर राहू लागले. आई शिवणकाम करायची. ज्या कात्रीनं ब्लाऊज बेतायची त्याच कात्रीनं तिनं लग्नाच्या अल्बममधले त्यांचे सगळे चेहरे कापून काढले होते. अल्बम मात्र फेकला नव्हता. कपाटात साड्यांच्या खाली, कोर्टाच्या कागदांशेजारी, प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळून ठेवला होता.

त्या घरात एक वाक्य वरचेवर कानावर पडायचं. दूध उतू गेलं, गणितात मार्क कमी पडले, खोटं बोलताना पोरगा सापडला, की ‘शेवटी बापावरच गेलास.’ आपल्याकडे हे वाक्य एरवी कौतुकानंही म्हणतात. नाक बापावर गेलंय, चाल बापावर गेलीय. पण जिथे बाप टाकून गेलाय तिथे पोराच्या मनात एक हिशेब पक्का होतो: आईला जगात ज्या माणसाची सगळ्यात जास्त चीड आहे, तो अर्धा माझ्यात आहे.

हा लेख त्या हिशेबाबद्दल आहे. बाप एकदाच जातो. पण तो का गेला, कसा गेला, हे त्या घरात पुढची वीस वर्षं रोज सांगितलं जातं, आणि मुलाचं मोठेपण जास्त करून त्या सांगण्यावर बेतलं जातं.

ना सवाष्ण, ना विधवा

आधी हे पाहू की टाकून जाणं हे मरण्यापेक्षा आणि रीतसर घटस्फोटापेक्षा वेगळं का असतं.

माणूस गेला की दहावा, तेरावा होतो. लोक येतात, रडतात, पिठलं-भात घेऊन येतात. घटस्फोट झाला की निदान कोर्टाचा शिक्का असलेला कागद हातात पडतो. टाकलेल्या बाईच्या हातात काहीच पडत नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला बोलवायचं की नाही, यावर शेजारणी दबक्या आवाजात बोलतात. ती मंगळसूत्र घालते, पण ज्याच्या नावाचं घालते तो दुसरीकडे नांदतोय. भाषाही बघा. तिच्यासाठी ‘टाकलेली’ आहे, कागदोपत्री ‘परित्यक्ता’ आहे. जो टाकून गेला त्याच्यासाठी मराठीत शब्दच नाही.

या बायका थोड्या नाहीत. २०११च्या जनगणनेत घटस्फोट न होता नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या स्त्रियांचा आकडा देशभरात २३ लाखांच्या वर होता, घटस्फोटित स्त्रियांपेक्षा कितीतरी जास्त. महाराष्ट्रात १९८०च्या दशकात परित्यक्तांच्या प्रश्नावर चळवळ उभी राहिली, तीही यामुळेच.

अमेरिकेतल्या पॉलीन बॉस यांनी १९७०च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास केला. नवरा मेला म्हणावं तर मृतदेह नाही, जिवंत म्हणावं तर पत्ता नाही. या अवस्थेला त्यांनी जे नाव दिलं त्याचा मराठीत अर्थ होईल ‘संदिग्ध वियोग’. अशा दुःखाला शेवट नसतो, म्हणून त्याची खपलीही धरत नाही, असं त्यांचं निरीक्षण. आपल्या गोष्टीतला नवरा तर बेपत्ताही नव्हता. आठवडी बाजाराला तो याच गावात यायचा.

राग निवतो, कडवटपणा मुरतो

राग आणि कडवटपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रागाला समोर माणूस लागतो. भांडण होतं, आवाज चढतात, काही दिवसांनी तो निवतो. कडवटपणा लोणच्यासारखा बरणीत मुरतो. ‘माझ्यावर अन्याय झाला’ आणि ‘त्याचं कुणी काही करू शकलं नाही’, ही दोन वाक्यं एकत्र आली की तो तयार होतो.

बर्लिनचे मानसोपचारतज्ज्ञ मिखाएल लिंडेन यांनी २००३ मध्ये कडवटपणाचं वेगळं निदान मांडलं. जर्मनीच्या एकीकरणानंतर ज्यांची नोकरी, पत, वर्षानुवर्षांची मेहनत अचानक मातीमोल झाली, असे लोक त्यांच्याकडे येत होते. त्यांच्या जिवाला धोका झाला नव्हता, पण त्यांचा जगाच्या न्यायावरचा विश्वास मोडला होता. तोच एक प्रसंग ते पुन्हा पुन्हा उगाळायचे, आणि मदत देऊ केली तरी झिडकारायचे. आजारांच्या अधिकृत जागतिक यादीत हे निदान नाही, आणि प्रत्येक कडवट माणसाला आजारी ठरवायची गरजही नाही. पण टाकून दिलेल्या माणसाशी ज्याचा संबंध आला आहे, त्याला हे वर्णन ओळखीचं वाटेल.

इथे आईला दोष देऊन मोकळं होणं फार सोपं आहे, म्हणून थोडं पोटगीबद्दल. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली पोटगी मागता येते (१ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत ते कलम १४४ झालं). मूळ कायद्यात तिची कमाल मर्यादा होती दरमहा ५०० रुपये. केंद्रानं ती मर्यादा उठवली २००१ मध्ये. पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून मोजायची, हे सर्वोच्च न्यायालयानं देशभरासाठी स्पष्ट केलं २०२० मध्ये. माझ्या मित्राच्या आईचा दावा १९८०च्या दशकातला. तारखेला जायचं म्हणजे त्या दिवसाची शिलाई बुडायची, एसटीचं भाडं जायचं, आणि साहेब रजेवर असले की पुढची तारीख. हुकूम झाल्यावर मनीऑर्डर दोन महिने आली आणि थांबली. मग पुन्हा अर्ज. कुणीतरी एकदा तरी ‘हा माणूस चुकला’ असं शिक्का मारून सांगावं, एवढंच तिला हवं होतं. ते कुणी सांगितलं नाही, म्हणून ते काम तिनं स्वतःकडे घेतलं. रोज, स्वयंपाकघरात. मनातला दावा सोडला की तो निर्दोष सुटेल, अशी तिला धास्ती होती. बाहेरून आपण म्हणतो, ‘सोडून दे आता, किती धरून बसशील.’ तिच्या लेखी ते धरून ठेवणं हाच एकमेव पुरावा उरलेला होता.

आणि जिथे दावा चालतो तिथे साक्षीदार लागतो. तो घरातच होता. युनिफॉर्म घालून, डबा घेऊन, आईचा हात धरून कोर्टाच्या पायऱ्या चढत होता.

उसाचा रस

अशा घरात मुलाला एखादं काम नेमून दिलं जातं. तोंडी कुणी सांगत नाही, पण त्याला कळतं. कधी निरोप्या: ‘विचार तुझ्या बापाला, फी कधी भरणार.’ कधी घरातला कर्ता पुरुष, वयाच्या नवव्या वर्षी: ‘आता तूच आहेस मला.’ मूल जेव्हा आईबापाचं आईबाप होतं, तेव्हा त्याचं पुढे काय होतं, यावर इव्हान बोझोर्मेनी-नाज या हंगेरीतून अमेरिकेत गेलेल्या कुटुंबोपचारतज्ज्ञांनी बरंच लिहिलं आहे. त्यांची एक कल्पना १९७३ मध्ये पुढे आली. तिचा मला उमजलेला अर्थ असा: प्रत्येक घरात एक न दिसणारी वही असते, कोणाचं कोणाला किती देणं आहे याची. मूल त्या वहीशी निष्ठा राखतं. आईनं माझ्यासाठी डोळे फोडून शिवलं, मग तिच्या शत्रूला मी मित्र कसा मानू?

मित्र आठवीत असताना एका बाजाराच्या दिवशी एसटी स्टँडवर वडिलांनी त्याला हाक मारली. समोरच्या रसवंतीत नेलं. दोघं लाकडी बाकावर बसले. बोलणं फार झालं नाही. वडील रसवाल्याला म्हणाले, ‘एक बिनबर्फाचा दे, पोरगं खोकतंय.’ बस. रस पिऊन झाल्यावर तो नळावर गेला, दोनदा चूळ भरली, ओठ शर्टाच्या बाहीनं पुसले, आणि घरी जाऊन म्हणाला की सायकल पंक्चर झाली होती.

त्या दिवशी तो खोटं बोलायला शिकला, असं कुणी म्हणेल. मला वाटतं, आनंद झाला की आधी तोंड पुसायचं, हे तो त्या दिवशी शिकला. आज त्याला बढती मिळाली तर तो दोन आठवड्यांनी सांगतो, तेही ‘कामाचा ताप वाढला’ अशा सुरात.

लहान मुलांवरचा एक प्रयोग इथे सांगायला हवा. जॉन बोल्बी या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञांनी मांडलं होतं की लहान मूल आपल्या जवळच्या माणसावरून जगाचा एक नकाशा बनवतं. माणसं येतात का, टिकतात का, हाक मारली तर ओ देतात का. त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये साधारण वर्षाच्या मुलांवर हे पाहिलं. आई खोलीतून काही मिनिटं बाहेर जायची आणि परत यायची. आई जाताना मूल किती रडतं यापेक्षा ती परतल्यावर ते कसं वागतं, यावरून जास्त कळायचं. काही मुलं धावत येऊन लगेच शांत व्हायची, काही चिकटायची पण धुमसत राहायची, आणि काही तर आई आलीच नाही असं दाखवून खेळण्याशी खेळत बसायची.

माझा मित्र आता चाळिशीत आहे. ऑफिसमधून निघताना तो बायकोला तीन मेसेज करतो. ‘निघालो.’ ‘सिग्नलला आहे.’ ‘पार्किंगमध्ये.’ तिनं कधी विचारलेलं नाही. शाळेतून यायला पंधरा मिनिटं उशीर झाला की आईच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते त्याच्या अंगात बसलंय. त्या घरात उशीर म्हणजे जाण्याची सुरुवात होती.

मुलींच्या बाबतीत हेच वेगळ्या वाटेनं येतं. माझ्या माहितीतल्या एकीला आईनं बजावून वाढवलं: ‘पुरुषाच्या भरवशावर राहू नको.’ सल्ला सोळा आणे खरा. त्यावर तिनं नोकरी मिळवली, स्वतःच्या नावावर फ्लॅट घेतला. पण घरात पंख्याच्या स्पीडवरून वाद झाला तरी तिच्या तोंडून निघतं, ‘मग जा ना.’ नवरा कधीतरी जाणारच आहे, तर निदान तारीख आपण ठरवावी.

आई सोडून गेलेल्या घरातला कडवट बाप हा प्रकार क्वचित दिसतो, पण मुलासाठी तो जास्त अवघड. कारण गाव, नातेवाईक, सगळेच बापाच्या बाजूचे. आईबद्दल एक बरा शब्द ऐकायलाही मुलाला जागा उरत नाही.

पत्रिकेवरचं नाव

ही सगळी थकबाकी एकदम वर येते ती लग्नाच्या वेळी. पत्रिकेवर ‘श्री. व सौ.’ लिहायचं का? मुलाच्या नावापुढे मधलं नाव येणार, ते कुणाचं? १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आईचं नाव लावणं महाराष्ट्र शासनानं सक्तीचं केलं: आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं. चांगलं झालं. माझ्या मित्राच्या पिढीला मात्र दहावीच्या फॉर्मपासून पासपोर्टपर्यंत प्रत्येक रकान्यात त्याच माणसाचं नाव स्वतःच्या हातानं लिहावं लागलं, ज्याचं नाव घरात घ्यायचं नव्हतं. त्याच्या लग्नात पत्रिकेवर मामाचं निमंत्रण छापलं. वडील आले नाहीत. बोलावलं होतं का, हे मी विचारलेलं नाही.

पण खरी अडचण लग्नानंतरची, आणि तिच्याबद्दल आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. ज्या आईचा सगळा संसार म्हणजे हा एक मुलगा, तिच्या घरात सून येते. मुलगा बायकोबरोबर सिनेमाला जातो, हसत परत येतो. आईच्या आत कुठेतरी जुनी घंटा वाजते: पुन्हा एक पुरुष मला मागे ठेवून दुसऱ्या बाईबरोबर निघाला. तिला स्वतःला हे असं कळत नाही. तिला एवढंच कळतं की भाजीत मीठ जास्त पडलंय. मग मिठावरून भांडण होतं, शेजारीपाजारी त्याला सासू-सुनेचं भांडण म्हणतात, आणि ज्याच्यामुळे हे सगळं चाललंय तो माणूस शेजारच्या तालुक्यात निवांत चहा पीत असतो. मुलगा दोघींच्या मध्ये उभा. बायकोची बाजू घेतली तर बाप झाला, आईची घेतली तर नवरा राहिला नाही. तो तिसरा मार्ग काढतो, ऑफिसात उशिरापर्यंत बसतो. म्हणजे फिरून बापाच्याच वाटेवर.

मग असं मूल कायमचं वाकडं होतं का? नाही. कॅलिफोर्नियात ज्युडिथ वॉलरस्टीन यांनी १९७१ पासून ६० विभक्त कुटुंबांतल्या मुलांचा पंचवीस वर्षं माग काढला आणि निष्कर्ष उदास निघाले. मेव्हिस हेदरिंग्टन यांनी सुमारे १,४०० कुटुंबं पाहिली. त्यांना दिसलं की बहुतेक मुलं पुढे सावरतात, तरी अडचणीत राहणाऱ्यांचं प्रमाण एकत्र कुटुंबांपेक्षा जास्त असतं. दोन्ही अभ्यास अमेरिकेतल्या घटस्फोटांचे आहेत, आपल्या तालुक्यातल्या टाकलेपणाला ते तंतोतंत लागू करू नयेत. मला जास्त भावतो तो हवाई बेटांतल्या काउआईचा अभ्यास. तिथे १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांवर एमी वर्नर आणि सहकाऱ्यांनी दशकानुदशकं लक्ष ठेवलं. गरिबी, घरची भांडणं, आजार अशा अनेक अडचणींत वाढलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं चांगली, कर्ती, माया असलेली माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात बहुधा एक तरी मोठं माणूस भरवशाचं होतं. आईबापच असायला हवेत असं नव्हतं. आपल्याकडे ती जागा आजी, मामा, एखाद्या बाई भरून काढतात. मित्राच्या बाबतीत मामा.

आणि एक मुद्दा सांगण्याचा. १९८०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे मेरी मेन आणि सहकाऱ्यांनी मोठ्या माणसांसाठी मुलाखतीची एक पद्धत तयार केली. तिच्यात विचारतात: लहानपणी आईशी तुमचं नातं कसं होतं, पाच शब्द सांगा. वडिलांशी कसं, पाच शब्द सांगा. मग प्रत्येक शब्दासाठी एक आठवण विचारतात. बालपण वाईट होतं की चांगलं, यापेक्षा माणूस ते किती सलग, किती जागेवर राहून सांगू शकतो, याला त्यात महत्त्व असतं. ज्यांचं बालपण कठीण होतं पण जे ते नीट सांगू शकतात, त्यांची स्वतःच्या मुलांशी नाती घट्ट जुळलेली दिसतात.

मित्र मध्यंतरी पुण्यात एका समुपदेशक बाईंकडे जात होता. त्यांनी हाच प्रश्न केला. वडिलांसाठी पाच शब्द त्यानं धडाधड सांगितले: बेजबाबदार, खोटारडा, बाईलवेडा, चिकट, भित्रा. आता प्रत्येकाची आठवण सांगा. तो सांगू लागला आणि तिसऱ्या शब्दाला थांबला. सगळ्या आठवणी त्याच्या जन्माआधीच्या किंवा तो पाळण्यात असतानाच्या होत्या. शब्द आईचे, आठवणी आईच्या. त्याची स्वतःची आठवण एकच होती, बिनबर्फाच्या रसाची, आणि ती पाचांपैकी एकाही शब्दाखाली बसत नव्हती.

एका ग्लासानं सोळा वर्षांची फी फिटत नाही, हे तोही जाणतो. बाप बेजबाबदार होताच. पण आईची फाइल कुठली आणि आपली कुठली, हे त्याला पहिल्यांदा दिसलं. बाईंनी वडिलांना माफ करा वगैरे काही सांगितलं नाही, ते मला बरं वाटलं. माफीची घाई बहुतेक वेळा बघणाऱ्यांनाच असते.

काही घरांत उलट टोक दिसतं, काहीच न सांगण्याचं. उत्तरकांडात वाल्मीकींच्या आश्रमात लव-कुश रामाची कथा गायला शिकतात आणि त्याच्याच यज्ञात जाऊन गातात. आईला ज्यानं वनात सोडलं त्याची थोरवी गाणारी पोरं! लहानपणी ते ऐकताना मला भारी वाटायचं. आता वाटतं, त्या मुलांना तरी कुणी कधी नीट बसवून सांगितलं असेल का. विष पाजू नये हे बरोबर, पण गोष्ट लपवली की मूल ती स्वतः रचतं, आणि मुलांच्या रचण्यात दोष बहुतेक वेळा त्यांचा स्वतःचाच निघतो.

‘त्यानं मला फसवलं’ हे वाक्य आईला म्हणू द्यावं, ते खरं आहे आणि तिचं आहे. ‘तू त्याच्यासारखा’ हे दुसरं वाक्य त्याला जोडू नये, एवढीच काळजी घ्यायची. ऐकायला सोपं आहे. दिवसभर मशीनवर वाकून आलेल्या, उद्याच्या तारखेला भाडं नसलेल्या बाईला ते संध्याकाळी सात वाजता किती जमेल, ते मला सांगता येणार नाही.

गेल्या दिवाळीत मी त्यांच्याकडे फराळाला गेलो होतो. आई आता सत्तरीच्या पुढे. चकल्या पाडायचं काम चाललं होतं आणि मित्राची सहा वर्षांची मुलगी सोऱ्या फिरवताना पीठ नाकाला लागलं म्हणून खदखदून हसत होती, मान मागे टाकून. आजी बघत राहिली. ‘अगदी त्यांच्यासारखी हसते,’ म्हणाली. ‘त्यांच्या’ म्हणाली. मित्रानं माझ्याकडे पाहिलं. मी चकलीकडे.

मग तिनं कढईतला झारा हलवला आणि म्हणाली, ‘हसायलाच काय तो चांगला होता मेला.’